वेगवेगळ्या काळातले बॉक्सर: थोर कोण हे ठरवायचं तर कशाच्या जोरावर?

तापीकाठचा (धागाकर्ता)

रामराम मंडळी.

बॉक्सिंगवर इथे धागे फारसे निघत नाहीत. पण जळगाव-धुळे-नंदुरबारकडची बरीच मंडळी हा खेळ मन लावून बघतात हे मला ठाऊक आहे, म्हणून विचारतो. जो लुई, मार्सियानो, अली हे जुने. टायसन, होलीफील्ड मधल्या काळातले. फ्युरी, युसिक आजचे. यांच्यात थोर कोण हे ठरवायचं तर माप कोणतं लावायचं?

माझं मत आधीच सांगतो. 'दोघं ऐन उमेदीत समोरासमोर आले असते तर कोण जिंकला असता' हा प्रश्नच मला बिनकामाचा वाटतो. त्याला उत्तर नाही, त्यामुळे ज्याचा आवाज मोठा त्याचा बॉक्सर जिंकतो. मी दोन गोष्टी बघतो. त्याच्या काळात जे जे तगडे होते त्यांच्यातल्या किती जणांना तो भिडला, आणि तेही ते उतरणीला लागायच्या आधी. दुसरं म्हणजे, लढत हातातून निसटत असताना त्याने काय केलं.

या मापाने माझ्याकडे अली पहिला. १९६४ ला लिस्टन, १९७४ ला किन्शासात फोरमन, फ्रेझरशी तीन लढती, नॉर्टनशी तीन. टाळलं कोणाला?

तुम्ही कशावर ठरवता? विक्रमावर, नॉकआऊटवर, की ज्याला शाळेत असताना पाहिला तोच मोठा?

पाचोरा_पॅसेंजर

अली. पुढचा प्रश्न विचारा भो.

आकडेमोड

तापीकाठचे भाऊ, मोठ्या आवाजाचं राज्य नको म्हणूनच तर आकडे असतात. जो लुई १९३७ पासून १९४९ पर्यंत जगज्जेता होता. किताब २५ वेळा राखला. हेवीवेटमध्ये, म्हणजे सगळ्यात जड गटात, आजपर्यंत कोणी या आकड्याच्या पुढे गेलेलं नाही. मार्सियानो ४९ लढती लढला, ४९ जिंकला, त्यातले ४३ नॉकआऊट. लॅरी होम्स ४८ वर नाबाद होता, बरोबरीला एक विजय हवा होता, आणि १९८५ ला मायकेल स्पिंक्सने त्याला अडवलं. ४९ म्हणजे काय ते यावरून कळावं.

अली पाच वेळा हरला. त्याच्यावर प्रेम माझंही आहे, पण नाबाद तो नाबाद.

कळणं_भाकरी

मी अलीला फक्त मोबाईलवर पाहिलंय, त्यामुळे मला कोणाची बाजू घ्यायची नाही. माझं म्हणणं सरळ आहे: वजनं बघा.

मार्सियानो रिंगमध्ये ८४-८५ किलोचा असायचा. आज तो हेवीवेटमध्ये धरलाच गेला नसता; त्याच्या खालच्या क्रूझरवेट गटाची मर्यादाच ९० किलोच्या वर आहे. फ्युरी ६ फूट ९ इंच, आणि मे २०२४ मध्ये युसिकसमोर उतरला तेव्हा ११९ किलोच्या आसपास. मार्सियानोचे हात हेवीवेटच्या मानाने आखूड. त्याचा ठोसा फ्युरीच्या हनुवटीपर्यंत पोचणार तरी कसा? धावणं, पोहणं, उंच उडी, सगळीकडे जुने विक्रम मोडीत निघाले. मग बॉक्सिंगमध्येच जुने लोक सरस कसे?

शहादा_एक्स्प्रेस

मग वजनाच्या न्यायाने फ्युरीच जिंकायला हवा होता ना भाऊ? युसिक १०१ किलोचा. मे महिन्यात जिंकला, डिसेंबरात परत जिंकला.

कळणं_भाकरी

युसिक ६ फूट ३ इंच आहे हो. तो काही ८५ किलोचा नाही. मुद्दा तोच राहतो.

तापीकाठचा

आकडेमोड, आकड्यांच्या आत कोण बसलंय तेही बघू. १९५१ ला मार्सियानोने जो लुईला पाडलं तेव्हा लुई ३७ वर्षांचा. १९५२ ला वॉलकॉटकडून किताब घेतला तेव्हा वॉलकॉट ३८ चा. शेवटच्या लढतीतला आर्ची मूरही चाळिशीच्या आसपासचाच. मार्सियानोला मी कमी लेखत नाही. वॉलकॉटविरुद्ध तो गुणांवर मागे होता आणि १३ व्या फेरीत एका उजव्या ठोशात त्याने खेळ संपवला. माझा दुसरा निकष तो पुरेपूर पूर्ण करतो, पहिल्यात मात्र मागे पडतो.

लुईचंही तसंच. १९४०-४१ च्या सुमारास तो जवळजवळ दर महिन्याला कोणाला ना कोणाला लोळवत होता, त्या २५ मध्ये तेही आहेत. पण जून १९४१ ला बिली कॉन समोर आला, लुईपेक्षा कितीतरी हलका. कॉनने त्याला बारा फेऱ्या नाचवलं आणि लुईने १३ व्या फेरीत त्याला झोपवलं. त्या एका रात्रीसाठी लुई माझ्या यादीत दुसरा.

सोनगीरकर

वाचत होतो, आता लिहितो. फौजेत असताना मी बटालियनच्या संघातून लढलो आहे, हलक्या गटात. त्यामुळे मी आधी पाय बघतो, मग हात, आणि चेहरा सगळ्यात शेवटी.

एक सांगतो, करून बघा. जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारल्यावर डावा हात परत कुठे येतो याच्यावर नजर ठेवा. आमचे उस्ताद हनुवटीपाशी आणायला लावायचे. जराही खाली राहिला तर स्वतः पुढे येऊन त्या बाजूला टपली मारायचे. हातमोजे जुने, आतलं भरण वापरून वापरून बाजूला सरकलेलं, मुठीच्या हाडांवर नुसतं चामडं राहिलेलं. ती टपलीसुद्धा कानात घुमायची. आणि अली? त्याचा डावा हात कमरेपाशी. ठोसा आला की मान मागे. आमच्याकडे असं कोणी केलं असतं तर उस्तादांनी त्याला संध्याकाळपर्यंत दोरीवरून उतरू दिलं नसतं.

अलीला ते चाललं ते पायांच्या जिवावर. नोव्हेंबर १९६६ ची क्लीव्हलँड विल्यम्सविरुद्धची लढत काढून बघा. तीन फेऱ्यांत आटोपली. समोरचा माणूस जिथे ठोसा मारतोय तिथे अली नसतोच. पुढच्या वर्षी सैन्यात भरती व्हायला नकार दिला म्हणून त्याचा किताब काढून घेतला. १९७० च्या ऑक्टोबरपर्यंत त्याला लढू दिलं नाही. पंचविशी ते अठ्ठाविशी, बॉक्सरची सोन्यासारखी वर्षं. परत आला तेव्हा हात तेच होते, पाय ते नव्हते. मार्च १९७१ ला १५ व्या फेरीत फ्रेझरचा डावा हुक बसला तो याच फरकामुळे. मान मागे गेली, पण पाय जागेवरच राहिले.

म्हणून अलीची तुलना कोणाशीही करणाऱ्याला मी आधी विचारतो, बाबा रे, कुठला अली? ६६ चा की ७१ चा? हे दोन वेगळे बॉक्सर आहेत. लोक ६६ च्या पायांना ७४ चं काळीज जोडतात आणि मग त्या जोडलेल्या माणसाला सगळ्यांविरुद्ध जिंकवतात. असा माणूस एका रात्री रिंगमध्ये कधीच उतरला नव्हता.

पाचोरा_पॅसेंजर

आप्पा, हे वाचून ती लढत परत बघितली. पाय बघा म्हटल्यावर हात दिसेनासेच झाले. मत मात्र तेच. अली.

टुरिंग_टॉकीज

कळणं भाऊ, जुन्या लोकांना तुम्ही ज्या चित्रफितींवरून जोखताय त्याबद्दल थोडं सांगतो. आमच्या वडिलांची टुरिंग टॉकीज होती. चोपडा, यावल, शिरपूर या पट्ट्यात यात्रा-जत्रांना तंबू लागायचा. प्रोजेक्टरच्या शेजारी बसून मी वाढलो.

मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवायचे. सेकंदाला साधारण १६ ते १८ चित्रं घेतली जायची, तीही कॅमेरावाल्याच्या हाताच्या चालीवर. बोलपट आल्यावर सेकंदाला २४ चित्रं ही चाल ठरली. आता १६ च्या चालीने घेतलेली फीत २४ च्या चालीने चालवली की माणसं टुणटुण उड्या मारल्यासारखी दिसतात. हातवारे तुटक, पावलं लटपटती, ठोसे हलके. जॅक जॉन्सन, डेम्प्सी यांच्या जुन्या फिती अनेक ठिकाणी अशाच पळवलेल्या मिळतात. त्या बघून 'हे काय बॉक्सिंग, ही तर पोरांची मारामारी' असं म्हणणारे मला पावलोपावली भेटतात. त्याच फितीची चाल नीट करून बघा. जॉन्सन समोरच्याचा दंड हवेतच कसा धरतो, ठोसा निघायच्या आत कसा दाबून टाकतो, ते दिसेल. अंगावर काटा येतो.

आणि हॅरी ग्रेबचं काय करायचं? त्याच्या एकाही लढतीची फीत उरलेली नाही. १९२२ ला त्याने जीन टनीला हरवलं. टनी साऱ्या कारकिर्दीत हरला तो तेवढाच एकदा, आणि याच टनीने पुढे डेम्प्सीला दोनदा हरवलं. ग्रेबला तर पुढे पुढे एका डोळ्याने दिसतही नव्हतं. चित्र नाही म्हणून त्याला यादीतून काढायचं का?

कळणं_भाकरी

फितीच्या चालीचं हे माहीत नव्हतं काका. जॉन्सनचं नीट चालीचं चित्रण शोधतो. वजनाचा मुद्दा मात्र मी सोडलेला नाही.

आकडेमोड

ग्रेबच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. त्या काळी अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी पंचांनी निकाल द्यायला कायद्याने मनाई होती. नॉकआऊट झाला नाही तर लढत अनिर्णित धरायची, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राचे वार्ताहर लिहायचे की आमच्या मते अमुक जिंकला. त्यामुळे ग्रेबच्या जवळजवळ ३०० लढतींतले कितीतरी निकाल बातमीदारांनी दिलेले आहेत.

लळिंग

भाऊसहो, हाई वाद आम्हना गावमा कुस्तीवर पिढ्यानपिढ्या चालू शे.

आता मराठीत लिहितो, नाहीतर पुण्या-मुंबईकडचे मागे राहतील. आमच्या चाळीसगावच्या सायगावचा विजय चौधरी २०१४, २०१५, २०१६ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला. सगळ्या खान्देशाची मान उंच झाली. पण यात्रेच्या फडाभोवती बसणारी जुनी माणसं काय म्हणतात? 'मातीतली कुस्ती वेगळी.' त्यांच्या काळी जोड नजरेनेच लावायची. पंच मंडळी दोघांना उभं करून अंगलट बघायची, काटा-वजन काही नाही. कुस्ती निकाली, म्हणजे पाठ लागेपर्यंत. अर्धा तास, तास, जे लागेल ते. आज मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि गुण.

मातीतल्या पैलवानाचा दम वेगळा, मॅटवाल्याची चपळाई वेगळी. दोघांनी आपापल्या नियमात जे जिंकायचं ते जिंकलं. तासभर झुंजणाऱ्याला सहा मिनिटांच्या मापाने मोजलं तर तो आळशी दिसणार, आणि सहा मिनिटांवाल्याला तासाच्या मापाने मोजलं तर तो दमलेला दिसणार. बॉक्सिंगचंही हेच असावं असं मला वाटतं. नियम कसे बदलले हे कोणी जाणकाराने सांगावं.

अमळनेरचा_डॉक्टर

लळिंग दादा, सांगतो. दोन बदल फार मोठे.

पहिला फेऱ्यांचा. जॉन्सन १९१५ ला हवानात जेस विलार्डकडून हरला ती लढत २६ व्या फेरीत संपली. पुढे १५ फेऱ्या रूढ झाल्या. नोव्हेंबर १९८२ मध्ये कोरियाचा किम दुक-कू रे मॅन्सिनीविरुद्ध १४ व्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत गेला. मेंदूत रक्तस्राव. त्यानंतर आधी एका संघटनेने आणि मग एकेक करत इतरांनी किताबाच्या लढती १२ फेऱ्यांवर आणल्या. डॉक्टर म्हणून मला तो निर्णय शंभर टक्के योग्य वाटतो.

पण त्याचा परिणाम बघा. तापीकाठच्यांनी वर दोन लढती सांगितल्या, मार्सियानो-वॉलकॉट आणि लुई-कॉन. दोन्हींत विजयी ठोसा १३ व्या फेरीतला. बारा फेऱ्यांचा नियम असता तर वॉलकॉट आणि कॉन दोघंही गुणांवर जिंकले असते! मार्सियानोच्या नाबाद ४९ मध्ये तिथेच एक पराभव पडला असता. १९८१ ला लेनर्डने हर्न्सला १४ व्या फेरीत थांबवलं, तेव्हाही तिन्ही पंचांच्या कागदावर हर्न्स पुढे होता. म्हणजे ज्याला आपण 'काळीज' म्हणून गुण देतो ते दाखवायची जागाच नियमाने ठरवून दिलेली असते. युसिकला १३ वी फेरी कधी मिळालीच नाही. त्याने तिथे काय केलं असतं हे कोणी छातीठोकपणे सांगू नये.

दुसरा बदल वजन घेण्याचा. पूर्वी लढतीच्याच दिवशी सकाळी काटा व्हायचा. आता आदल्या दिवशी होतो. त्यामुळे आजचे बॉक्सर अंगातलं पाणी काढून काट्यावर उभे राहतात आणि रात्रभरात पाणी-मीठ-अन्न घेऊन काही किलो परत चढवतात. आजचा ६६ किलोच्या गटातला बॉक्सर रिंगमध्ये ६६ चा नसतो. शुगर रे रॉबिन्सनच्या काळचा, म्हणजे १९४०-५० च्या दशकांतला, बहुतेक तेवढाच असायचा. कळणं भाऊ, तुमच्या वजनाच्या हिशेबात हे धरा.

भुसावळ_जंक्शन

रॉबिन्सनचं नाव निघालंच आहे तर. जून १९५२, न्यूयॉर्क. शुगर रे रॉबिन्सन स्वतःच्या गटाच्या वर जाऊन जोई मॅक्सिमशी लाइट हेवीवेट किताबासाठी लढत होता. गुणांवर चांगला पुढे होता. पण उघड्या मैदानात दिव्यांखाली असा उकाडा की दहाव्या फेरीनंतर पंचच गळाला आणि दुसरा पंच आणावा लागला. १३ व्या फेरीनंतर रॉबिन्सन स्टुलावरून उठू शकला नाही. त्याच्या एवढ्या मोठ्या कारकिर्दीत तो अशा रीतीने हरला तो तेवढाच एकदा.

मे महिन्यात दुपारी भुसावळ स्टेशनच्या फलाटावर ज्यांनी गाडीची वाट बघितली आहे त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. कागदावर तो पराभव. माझ्या दृष्टीने १३ फेऱ्या ती त्याची फार मोठी लढत होती.

पाचोरा_पॅसेंजर

मे महिन्यात आपल्याकडे लढत ठेवली तर पंच पहिल्या फेरीतच उसाच्या रसाच्या गाडीवर सापडेल.

मुंबईतला_खान्देशी

'कोण जिंकला असता' हे एकदा संगणकाला विचारून झालंय. १९६७ ला अमेरिकेत एका रेडिओ निर्मात्याने जुन्या-नव्या हेवीवेट विजेत्यांची माहिती संगणकात भरून रेडिओवर स्पर्धाच लावली. अंतिम फेरीत मार्सियानोने डेम्प्सीला हरवलं. अली तर जेफ्रीजकडून आधीच बाद. अलीने बदनामी झाली म्हणून दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. त्या तडजोडीतून १९६९ ला अली आणि मार्सियानो खरोखर एका स्टुडिओत उतरले. मार्सियानोने निवृत्तीनंतर वाढलेलं वजन उतरवलं, टक्कल झाकायला टोप घातला. दोघांनी निरनिराळे शेवट चित्रित केले, संगणकाचा निकाल काय येणार हे त्यांनाही सांगितलं नव्हतं. जानेवारी १९७० ला चित्रपटगृहांत दाखवलं: अमेरिकेत मार्सियानो १३ व्या फेरीत विजयी. युरोपात दाखवलेल्या प्रतीत अली विजयी.

मार्सियानोला ते बघायला मिळालंच नाही. ऑगस्ट १९६९ ला तो विमान अपघातात गेला.

शहादा_एक्स्प्रेस

म्हणजे गिऱ्हाईक बघून निकाल. तापीकाठचे भाऊ पहिल्या पोस्टमध्ये जे म्हणाले तेच झालं.

आकडेमोड

संगणक सोडा. पण काळ जोडणारे जिवंत दुवे असतात, त्यांचा उपयोग का करू नये? जॉर्ज फोरमन घ्या, जो २०२५ च्या मार्चमध्ये गेला. १९७४ ला २५ वर्षांचा असताना अलीने त्याला हरवलं. तोच फोरमन १९९१ ला ४२ व्या वर्षी होलीफील्डसमोर बारा फेऱ्या उभा राहिला. १९९४ ला ४५ व्या वर्षी मायकेल मूररला नॉकआऊट करून परत जगज्जेता झाला. होलीफील्डने पुढे टायसनला दोनदा हरवलं. म्हातारा, जड झालेला फोरमन जर नव्वदच्या दशकात टिकतो, तर सत्तरच्या दशकाचा दर्जा काय असेल ते काढता येतं. कळणं भाऊ, 'खेळ पुढे गेला' म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे.

तापीकाठचा

दुवा चांगला आहे, पण त्याची साखळी करू नका. फोरमनने १९७३ ला फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. १९७४ ला नॉर्टनलाही दुसऱ्याच फेरीत संपवलं. आणि फ्रेझर, नॉर्टन दोघांनीही अलीला हरवलेलं होतं, नॉर्टनने तर जबडा मोडला होता. साखळीच्या हिशेबाने किन्शासात अलीचा चुरा व्हायला हवा होता. झालं उलट, आठव्या फेरीत फोरमन खाली. कोण कोणाला कसा अंगावर येतो यावर सगळं असतं.

फोरमनवरून एवढंच म्हणता येईल की सत्तरच्या दशकातला ठोसा नव्वदच्या दशकातही ठोसाच होता.

गिरणाकाठ

एवढा मोठा धागा आणि एकही बाई नाही? मी चाळीसगावला शाळेत खेळ शिकवते. माझ्या मुली अलीवर भांडत नाहीत. त्या भांडतात मेरी कोम मोठी की निखत झरीन यावर.

आणि इथे तर 'समोरासमोर आल्या असत्या तर' असं म्हणायचीही गरज नाही, त्या आल्या होत्या. डिसेंबर २०१९, ऑलिंपिक पात्रतेच्या संघासाठी चाचणी लढत, ५१ किलो. मेरी कोम ९-१ ने जिंकली. झाला का निकाल? नाही झाला. निखतच्या बाजूच्या मुली म्हणतात, ती तेव्हा २३ ची, अजून घडत होती, पुढे २०२२ आणि २०२३ ला जगज्जेती झाली. मेरीच्या बाजूच्या म्हणतात, मेरी तेव्हा पस्तिशी ओलांडलेली, तीन मुलांची आई, तरी जिंकली. दोन्ही बाजूंचं खरं आहे. प्रत्यक्ष लढत होऊनही वाद मिटत नाही, तर न झालेल्या लढतीने काय मिटणार?

मी मुलींना वेगळी गोष्ट सांगते. मेरी कोमने सहा जागतिक विजेतेपदं मिळवली, २००२ पासून २०१८ पर्यंत. त्यातली पहिली पाच मिळेपर्यंत बायकांचं बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये नव्हतंच. २०१२ ला ते आलं तेव्हा तिचा गटच नव्हता. सगळ्यात हलका गट ५१ किलोचा. ४५, ४६, ४८ मध्ये लढलेल्या मेरीला आपल्यापेक्षा अंगाने मोठ्या मुलींशी लढावं लागलं, आणि तिने कांस्य आणलं. निखतला रस्ता तयार मिळाला असं मी म्हणणार नाही, तिनेही खूप सोसलंय. पण मेरी ज्या दाराने आत शिरली ते दार तिच्याआधी तिथे नव्हतं. माझ्या मापात याला वजन आहे. सप्टेंबर २०२५ ला लिव्हरपूलमध्ये जैस्मिन लंबोरिया आणि मीनाक्षी हुडा जगज्जेत्या झाल्या, तेव्हा आमच्या वर्गात दोघींची नावं फळ्यावर लिहिली होती.

सोनगीरकर

ताई, फार चांगलं लिहिलंत. भारताचं नाव निघालं म्हणून माझ्या फौजेतल्या माणसाचंही सांगतो: हवा सिंग. १९६६ आणि १९७०, दोन्ही आशियाई स्पर्धांत हेवीवेटचं सुवर्ण. सलग ११ वर्षं राष्ट्रीय विजेता. पुढे भिवानीत त्यांनी पोरं घडवली आणि त्या गावाचं नाव बॉक्सिंगसाठी देशभर झालं. २००८ ला विजेंदरने ऑलिंपिक कांस्य आणलं तेव्हा टीव्हीवर सगळे भिवानी-भिवानी करत होते, हवा सिंग यांचं नाव मात्र क्वचित कोणी घेतलं. मला ते फार लागलं.

आणि कौर सिंग. तेही फौजी. जानेवारी १९८० ला अली दिल्लीत आला तेव्हा त्याच्याशी चार फेऱ्यांची प्रदर्शनीय लढत खेळले, १९८२ ला आशियाई सुवर्ण जिंकले. २०२३ ला गेले. आपल्याकडे अलीच्या पिढीशी हात लावून आलेला माणूस होता आणि आपल्या पोरांना त्याचं नाव माहीत नाही.

नवापूरवाला

माझ्यासारख्यांचं सांगतो. जून १९९७ ला केबलवर टायसनने होलीफील्डचा कान चावलेला पाहिला. आमच्या गल्लीत एकाच घरी ते चॅनल यायचं. ओट्यावर, खिडकीत, जिथे जागा मिळेल तिथे माणसं. त्याच्या आधी टायसनच्या जुन्या लढतींची कॅसेट फिरत होती, नोव्हेंबर १९८६ ची बर्बिकविरुद्धची सगळ्यात घासलेली. बर्बिक उठतो, पडतो, परत उठतो, परत पडतो. वीस वर्षांचा पोरगा जगज्जेता.

आजही मला कोणी विचारलं तर तोंडातून टायसनच निघतं. तापीकाठच्यांच्या मापाने तो बसत नाही हे मला कळतं. १९९० ला टोकियोत डग्लसने दहाव्या फेरीत पाडलं तेव्हा तो उलटला नाही, माउथपीस चाचपत राहिला. पण बाराव्या-तेराव्या वर्षी छातीत जी धडधड झाली ती कोणत्या रकान्यात लिहायची ते सांगा.

तापीकाठचा

नवापूरवाला भाऊ, ती धडधड मी अजिबात खोटी मानत नाही. अलीबद्दल माझंही तेच असणार. वडील जुन्या वर्तमानपत्रातलं किन्शासाचं कात्रण जपून ठेवायचे, माझ्यात अली तिथूनच आला. फक्त कोणी 'थोर कोण' विचारलं तर त्या धडधडीपलीकडे मला चार ओळी सांगता आल्या पाहिजेत.

डॉक्टरसाहेबांच्या १३ व्या फेरीच्या मुद्द्याने माझा दुसरा निकष हलला आहे हे मान्य. जिथे नियमाने संधीच दिली नाही तिथे काळीज दिसलं नाही म्हणून आजच्यांचे गुण कापता येत नाहीत. म्हणून मी आता तो असा लावेन: हरल्यावर पुढे काय केलं. याला फेऱ्यांची अट नाही. रॉबिन्सन फेब्रुवारी १९४३ ला लामोटाकडून पहिल्यांदा हरला आणि त्याच महिन्यात परत त्याच्यासमोर उभा राहून जिंकला. नंतर १९५१ ला टर्पिनने हरवेपर्यंत आठ वर्षं हरला नाही. टर्पिनलाही दोन महिन्यांत परत गाठून नॉकआऊट केलं. या मापाने मला वजनगट बाजूला ठेवून एकच नाव घ्यायला सांगितलं तर रॉबिन्सन. हेवीवेटमध्ये अली.

युसिकसाठी हे माप लावताच येत नाही. हरलाच नाही तो.

पाचोरा_पॅसेंजर

रॉबिन्सन?! भाऊ, मी इतका वेळ तुमच्या बाजूने लढत होतो.

कळणं_भाकरी

मी जॉन्सन बघितला, नीट चालीचा. टॉकीज काका बरोबर होते, तो हात धरण्याचा प्रकार आजही कोणी तसा करत नाही. मग १९७५ ची अली-फ्रेझरची मनिलाची लढत सगळी बघितली. १४ व्या फेरीनंतर फ्रेझरच्या माणसाने लढत थांबवली, फ्रेझरला दिसतही नव्हतं, तरी तो उठायला बघत होता. त्यानंतर मी अर्धा तास काही बघितलं नाही.

वजनाबद्दल माझं मत असं झालंय: हेवीवेटला वरची मर्यादाच नाही, म्हणून तिथे १९५० आणि २०२४ ची माणसं एका तागडीत घालू नयेत. पण खालच्या गटांत मर्यादा आहे. तिथे, डॉक्टरांनी सांगितलेला पाण्याचा फरक धरून, तुलना जास्त प्रामाणिक होईल. तर मंडळी, हेवीवेट सोडून खालच्या गटांचा एक वेगळा धागा काढायचा का? मला तिथले जुने लोक माहीत नाहीत, नावं द्या.

आकडेमोड

काढा. फ्लायवेटपासून सुरू करा. जिमी वाइल्ड, वेल्सचा, पन्नास किलोच्याही आतला माणूस. मग लाइटवेटचा रॉबेर्टो दुरान. फेदरवेटला विली पेप आणि सँडी सॅडलर, या दोघांच्या चार लढती आहेत, त्यावरच दोन दिवस भांडता येईल.

सोनगीरकर

आपल्या पदम बहादूर मल्ल यांना विसरू नका. १९६२, जकार्ता, आशियाई सुवर्ण, तेही लाइटवेटच. धागा काढला की मला सांगा, पहिला प्रतिसाद मी लिहितो.